आधी भिंत वाळू द्या, मग रंग

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला. गणपतीच्या आधी घराला रंग काढायचा ही कोकणातली जुनी रीत, आणि पुराने घर नासलं असेल तर ती ओढ आणखी वाढते. पण पूर आणि चतुर्थी यांच्यात होते अवघे ५० दिवस. भिजलेली भिंत तेवढ्या दिवसांत वाळत नाही. ती ओली असताना रंग चढवला, तर दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात आणि त्यांच्याआड बुरशी वाढत राहते.

वीट असो की जांभा, दोन्हींत केसाहून बारीक छिद्रांचं जाळं असतं. केशाकर्षणामुळे पाणी त्यांतून वर चढतं, म्हणून ओल पुराच्या खुणेच्याही वर दिसते. वाळणं मात्र दोन टप्प्यांत होतं. सुरुवातीला पाणी छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत येतं आणि भराभर उडून जातं. मग पृष्ठभाग कोरडा होतो, आतल्या पाण्याची सलग वाट तुटते आणि उरलेली ओल फक्त वाफेच्या रूपाने, अतिशय सावकाश बाहेर पडते. आपली फसगत होते ती इथेच. हाताला भिंत कोरडी लागते, पण पोटात ती ओलीच असते. एक इंच जाडी वाळायला साधारण एक महिना, असा एक ढोबळ हिशेब आहे. दोन्ही बाजूंनी हवा मिळाली, तरी नऊ इंची भिंतीला काही महिने द्यावेच लागतात.

बुरशीला मात्र थांबावं लागत नाही. तिचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत एरवीही असतात, त्यांना फक्त ओल हवी असते. पुठ्ठा, प्लायवूड, कापसाची गादी अशा वस्तू भिजल्या की २४ ते ४८ तासांत बीजाणू रुजू लागतात. त्यांतून निघालेले तंतू विकरं सोडतात, लाकडातला आणि कागदातला सेल्युलोज बाहेरच विरघळवतात आणि मग शोषून घेतात. सिमेंट किंवा चुना बुरशी खात नाही, पण भिंतीवरची धूळ, जुन्या रंगातला चिकट पदार्थ आणि पुराचा गाळ तिला पुरेसा असतो. म्हणून गाळ ओला असतानाच खरवडून काढावा. गाद्या, उशा आणि फुगलेलं पार्टिकल बोर्डचं फर्निचर वाचवण्याचा अट्टहास करू नये. सागवानी दार किंवा जुना पाट मात्र धुऊन सावलीत वाळवला, तर बहुधा पुन्हा कामाला येतो.

पूर ओसरला की ब्लीचिंग पावडर वाटली जाते आणि ती भिंतीवर फासली की काम झालं, असं वाटतं. फरशी किंवा टाइल्ससाठी ती ठीक आहे. सच्छिद्र भिंतीत मात्र क्लोरीन वरच संपून जातो आणि द्रावणातलं पाणी आत मुरतं. शिवाय मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते आणि दमा उसळतो. त्यामुळे तिला नुसतं मारून भागत नाही, साबणाच्या पाण्याने घासून, पुसून ती घराबाहेर काढावी लागते. हे करताना एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे हवेतच. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

त्या वर्षी म्युकरमायकोसिसच्या साथीमुळे ‘काळी बुरशी’ हे शब्द ऐकूनच लोक धास्तावले होते. भिंतीवरचे काळे डाग बहुधा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस अशा वेगळ्याच बुरशींचे असतात. म्युकरमायकोसिसमधला काळा रंग तर बुरशीचा नसून मृत झालेल्या ऊतींचा असतो. घाबरून जायचं कारण नाही, पण दमेकरी, तान्ही मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना बुरशी धरलेल्या खोलीत झोपवू नये.

आता खरं काम, वाळवण्याचं. जुलैत कोकणातली हवाच वाफेने भरलेली असते. २५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना सुमारे ३०. म्हणजे २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता ६८ टक्क्यांवर येते आणि भिंतीतली ओल ओढायला तिच्यात जागा होते. आपण घरात चूल पेटवून ठेवू शकत नाही, पण हवा हलती ठेवू शकतो. बुरशी पुसून काढल्यावरच पंखे लावावेत, आधी लावले तर बीजाणू घरभर उडतात. हवेतली वाफ ओढून घेणारा डीह्युमिडिफायर लावला असेल, तर मात्र खिडक्या बंद हव्यात. नाहीतर तो बाहेरचा पाऊस वाळवत बसेल.

भिंत वाळली का, हे घरच्या घरी पाहता येतं. फूटभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलं असेल, तर ओल अजून बाहेर येते आहे. पांढरी पावडर दिसली, तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार. तो कोरड्या ब्रशने झाडावा, धुतला तर पुन्हा भिंतीत जातो.

सणाला घर उजळायचंच असेल, तर त्या वर्षापुरती चुन्याची सफेदी द्यावी. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने बुरशीला आवरतो आणि भिंतीतली वाफही अडवत नाही. ऑइलपेंट मात्र ओल आत कोंडतो. तो पुढच्या उन्हाळ्यावर ढकलावा.

पुराची मदत आज पंचनाम्यापाशी आणि साफसफाईपाशी थांबते. डीह्युमिडिफायर, मोठे पंखे आणि भिंतीची ओल मोजणारं यंत्र प्रत्येक कुटुंबाने विकत घ्यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. पूरप्रवण गावांत नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने किंवा एखाद्या गणेश मंडळाने ही यंत्रं घेऊन पाळीपाळीने घरोघर द्यावीत. पाणी उपसायला आपण एकमेकांना पंप देतोच. भिंती वाळवणं हाही मदतकार्याचाच भाग मानला, तर लोकांना ओल्या घरात पावसाळे काढावे लागणार नाहीत.