जादू आणि पुरावा : ‘रिव्हर्स ऑफ लंडन’मधील अपुरा संकर

रहस्यकथेचा लेखक आणि वाचक यांच्यात एक अलिखित करार गृहीत धरलेला असतो. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये तो दहा नियमांत लिहूनही काढला आणि अतिमानुष शक्तींना त्यात स्पष्ट मज्जाव केला. काहीही घडणे शक्य असेल, तर कोणताच पुरावा निर्णायक ठरत नाही. नागर अद्भुतिका आणि पोलीसकथा यांचा संकर करू पाहणाऱ्याला ही अडचण सोडवावीच लागते. बेन आरोनोविच यांच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११) या कादंबरीत ती सोडवलेली नाही, टाळलेली आहे.

आरंभ मात्र आशादायक आहे. कोव्हेंट गार्डनमधील खुनाच्या जागी पहारा देणाऱ्या पीटर ग्रँट या नवशिक्या शिपायाला साक्षीदार भेटतो, तो भूत असतो. ही साक्ष दफ्तरात नोंदवायची कशी? या एका प्रश्नात संपूर्ण कादंबरीचे बीज होते. परंतु पुढे खुनांची मालिका ‘पंच अँड जुडी’ या बाहुल्यांच्या खेळाच्या संहितेबरहुकूम चालते, असे उघड होते आणि तपासाची जागा संहितावाचन घेते. ज्यांच्या हातून खून घडतात ती माणसे झपाटलेली असतात. त्यांतील बहुतेकांचा अंतही त्या झपाटण्यातूनच होत असल्याने दायित्वाचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. अखेरचा पाठलाग तर थेट रोमनकालीन लंडनपर्यंत मागे जातो. तेथे पोलिसाची नोंदवही निरुपयोगीच.

रँडल गॅरेट यांच्या ‘टू मेनी मॅजिशियन्स’शी (१९६७) तुलना केल्यास उणीव नेमकी कळते. तेथे जादू न्यायवैद्यकशास्त्राइतकी नियमबद्ध आहे. तिच्या मर्यादा वाचकाला ठाऊक असतात, म्हणून अनुमानाला वाव राहतो. आरोनोविचही जादूची शिस्त न्यूटनच्या नावावर मांडतात, पण त्या शिस्तीचा उपयोग प्रामुख्याने पीटरच्या शिकवणीपुरता राहतो.

कादंबरीचे खरे सत्त्व उपकथानकात आहे. थेम्सच्या वरच्या प्रवाहावर जुन्या नददेवाची सत्ता आहे, भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर मूळच्या नायजेरियन असलेल्या मामा थेम्सची. वसाहतोत्तर लंडनला स्वतःचे पुराण देण्याची ही कल्पना समर्थ आहे. (नदीला माता मानणाऱ्या भारतीय वाचकाला तिचे दैवतपण नव्हे, तिचे स्थलांतर नवे वाटेल.) या दोन घराण्यांत पीटर तडजोड घडवतो, तीही ओलिसांच्या अदलाबदलीने. येथे पुरावा लागत नाही, शांतता राखावी लागते. पोलीस आणि जादू एकमेकांना खऱ्या अर्थाने भिडतात ते येथेच. लेखकाने मात्र हा धागा खुनांच्या कथानकाला दुय्यम ठेवला आहे.