गुडघ्यात सोडलेल्या पेशी नेमकं काय करतात?

गेल्या महिन्यात माझा मावसभाऊ बॅडमिंटन खेळताना उडी मारून खाली आला, गुडघा आत वळला आणि ‘कट्’ असा आवाज झाला. एमआरआयमध्ये निदान स्पष्ट: एसीएल पूर्ण तुटलंय. सर्जनने ऑपरेशन सुचवलं. पाठोपाठ फोनवर जाहिरात हजर: कापाकापी नको, तुमच्याच स्टेम सेल इंजेक्शनने गुडघ्यात सोडू, लिगामेंट नव्याने तयार होईल. खर्च काही हजार डॉलर, इन्शुरन्स एक पैसा देणार नाही. लिंकखाली त्याचा मेसेज: ‘ताई, तू यातलीच ना? खरं आहे का हे?’

मी लॅबमध्ये पेशी वाढवते, गुडघे दुरुस्त करत नाही. तरी प्रश्न रास्त आहे.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधणारा दोर. नडगी पुढे सरकू नये, वळताना गुडघा निसटू नये, हे त्याचं काम. गुडघ्याच्या आतल्या बाजूला एमसीएल नावाचं आणखी एक लिगामेंट असतं. ते तुटलं तर बहुतेक वेळा नुसता पट्टा बांधून जुळतं. मग एसीएलच का अडून बसतं? जखम भरण्याची पहिली पायरी म्हणजे रक्ताची गुठळी. तिच्यावर चढून पेशी जखमेच्या या काठावरून त्या काठावर जातात. एमसीएल सांध्याच्या पोकळीबाहेर आहे, तिथे गुठळी टिकते. एसीएलभोवती मात्र सांध्याचं वंगण खेळत असतं. त्यात गुठळी विरघळून जाते आणि दोन टोकांमध्ये पूलच उभा राहत नाही. म्हणजे मूळ अडचण जागेची आहे.

म्हणून सर्जन तुटलेलं लिगामेंट सहसा शिवत बसत नाहीत. मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध घेऊन, हाडांत बोगदे पाडून, त्यातून नवा दोर ओवतात. खेळात परतायला नऊ महिने तरी धरायचे.

आता पेशींकडे. क्लिनिकमध्ये ‘स्टेम सेल’ म्हणून जे देतात ते बहुधा कमरेच्या हाडातल्या मज्जेचं किंवा पोटावरच्या चरबीचं मिश्रण असतं. मज्जेत १० हजार ते १ लाख पेशींमागे आपल्याला हवी ती मेझेनकायमल स्टेम सेल साधारण एक. हे नाव क्लीव्हलंडच्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये रूढ केलं. गंमत बघा, २०१७ मध्ये त्यांनीच लेख लिहून सांगितलं की नाव बदला, लोकांची दिशाभूल होतेय. शरीरात सोडल्यावर या पेशी स्वतः नवं लिगामेंट बनत नाहीत. त्या रसायनं सोडतात, सूज आवरतात, आसपासच्या पेशींना कामाला लावतात. गवंडी कमी, मुकादम जास्त. आणि वाहत्या पाण्यात उभा केलेला मुकादम किती भिंत बांधून घेणार?

म्हणून गंभीर संशोधक या पेशी वेगळ्या ठिकाणी वापरून बघतात: नवा दोर हाडाच्या बोगद्यात जिथे रुजतो तिथे. सिंगापूरमध्ये २००४ साली सशांवर हे केलं तेव्हा जोड खरोखर चांगला जमला. माणसांत २०१४ मध्ये पोर्तुगालच्या गटाने मज्जेच्या पेशी वापरल्या, तेव्हा तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये फरक दिसला नाही. ससा ते माणूस हे अंतर आमच्या क्षेत्रात फार जणांना नडलंय.

‘पण आधीचे-नंतरचे एमआरआय दाखवतात ना?’ हा भावाचा पुढचा प्रश्न. ऑस्ट्रेलियात ८० रुग्णांचे गुडघे चार आठवडे काटकोनात बांधून ठेवले होते. पेशी नाहीत, इंजेक्शन नाही. २०२३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ९० टक्के लोकांच्या एमआरआयवर तीन महिन्यांत एसीएल जुळत असल्याच्या खुणा होत्या. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावरही उड्या मारायच्या नाहीत. पण एसीएल कधीकधी आपलं आपणही जुळतं, तेव्हा दोन फोटोंवरून श्रेय पेशींना देता येत नाही.

अमेरिकेत एफडीएने गुडघ्याच्या लिगामेंटसाठी एकही स्टेम सेल उत्पादन मंजूर केलेलं नाही. २०१८ मध्ये नाभिनाळेच्या रक्तापासून केलेली अशी इंजेक्शनं घेऊन १२ जणांना जंतुसंसर्ग झाला होता. सुट्टीत भारतात जाऊन स्वस्तात उरकू, असं कुणी म्हणेल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: रक्ताच्या आजारांसारख्या मान्य उपचारांपलीकडे स्टेम सेल फक्त चाचणीत वापरायच्या. आणि ‘चाचणी’ म्हणून बिल फाडत असतील तर तिथेच थांबून विचारा, पैसे कसले?

मला स्वतःला जास्त पटलेली कल्पना पेशींची नाहीच. बोस्टनच्या मार्था मरे यांनी गुठळीचाच प्रश्न हातात घेतला. गाईच्या कोलॅजनचा स्पंजसारखा तुकडा रुग्णाच्या रक्तात भिजवून तुटलेल्या टोकांमध्ये बसवायचा, म्हणजे गुठळी टिकते आणि जुनंच लिगामेंट जुळतं. एफडीएने २०२० च्या डिसेंबरमध्ये परवानगी दिली. हेही ऑपरेशनच, पुन्हा तुटायची भीती यातही आहे, आणि अट आहे: नडगीकडचं टोक शिल्लक हवं; परवानगी मिळाली तेव्हा दुखापतीला ५० दिवसांच्या आत व्हायला हवं, अशीही अट होती.

भावाच्या गुडघ्याला आज ३१ दिवस झालेत. सोमवारी तो सर्जनला विचारणार आहे, ते टोक शिल्लक आहे का.