पडद्यावर पाहून शिकणारी मुले: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक ते तीन वर्षांची मुले मोठ्यांचे पाहून शिकतात. पडद्यावरच्या माणसाचेही ती अनुकरण करतात, मात्र काही मर्यादेत.

गैरसमज: एवढ्या लहान मुलाला पडद्यावरचे काही कळत नाही.

वस्तुस्थिती: अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९८८ मध्ये १४ आणि २४ महिन्यांच्या मुलांना टीव्हीवर एक माणूस नवे खेळणे ओढून त्याचे दोन भाग करताना दाखवला. मुलांनी तसेच करून दाखवले. ज्यांना खेळणे दुसऱ्या दिवशी मिळाले, त्यांनाही ते जमले.

गैरसमज: माणूस समोर असो वा पडद्यावर, मूल सारखेच शिकते.

वस्तुस्थिती: ही तुलना करणाऱ्या प्रयोगांत बाहुलीच्या हातातला मोजा काढायचा, हलवून त्यातली घंटी वाजवायची आणि मोजा पुन्हा चढवायचा, अशा कृती दाखवतात. रेचल बार आणि हार्लीन हेन यांनी १९९९ मध्ये १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना काही कृती प्रत्यक्ष व टीव्हीवर दाखवल्या, तेव्हा टीव्हीवर पाहिलेल्यांचे अनुकरण कमी भरले. सपाट चित्रात पाहिलेले हातातल्या वस्तूला लावणे या वयात अवघड जाते. वय वाढते तशी ही तफावत घटते.

गैरसमज: तेच ते पुन्हा दाखवून उपयोग नाही.

वस्तुस्थिती: बार यांच्याच २००७ च्या अभ्यासात टीव्हीवरची कृती दुप्पट वेळा दाखवल्यावर मुलांचे अनुकरण प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या बरोबरीला आले.

गैरसमज: ‘शैक्षणिक’ व्हिडिओ लावून दिला की मूल आपोआप शब्द शिकते.

वस्तुस्थिती: ज्युडी डेलोश यांच्या २०१० च्या अभ्यासात १२ ते १८ महिन्यांच्या मुलांनी महिनाभर असा व्हिडिओ पाहिला. न पाहिलेल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सर्वांत जास्त शब्द शिकली ती व्हिडिओविना आईवडिलांनी रोजच्या बोलण्यातून शिकवलेली मुले. व्हिडिओ आवडलेल्या पालकांना मात्र मूल पुष्कळ शिकले असे वाटत होते.

गैरसमज: व्हिडिओ कॉल आणि कार्टून, दोन्ही एकच.

वस्तुस्थिती: २०१४ च्या एका प्रयोगात २४ ते ३० महिन्यांची मुले व्हिडिओ कॉलवर नवी क्रियापदे शिकली, आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. कॉलवरचा माणूस मुलाकडे पाहतो, त्याला ओ देतो, त्याच्या बोलण्याची वाट पाहतो. चित्रफीत आपल्याच गतीने पुढे सरकते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनाही दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये असे सांगताना नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला सूट देते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तिने दिवसाला जास्तीत जास्त एक तासाची मर्यादा सुचवली आहे आणि त्या वेळी मोठे माणूस सोबत असावे, असे म्हटले आहे.