छोट्या ट्रॅक्टरला कामाचे दिवे

द्राक्षबागेत रात्री फवारणी करणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरवर ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे चढविले, की १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे ९ अँपिअरचा बोजा पडतो. हा प्रवाह हेडलाइटच्याच बटणातून नेण्याचा मोह स्वाभाविक असला, तरी त्यायोगे बटण व तारा तापून वितळण्याचा संभव असल्यामुळे स्वतंत्र रिले, बॅटरीलगत १५ अँपिअरचा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार यांची तजवीज आधी करावी. (१८ वॅटचे एलईडी घेतल्यास बोजा तिनावर येतो, आमची शिफारस त्यांचीच.) कामापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी, आणि ट्रॅक्टर उलटल्यास चालकास वाचविणाऱ्या चौकटीस छिद्र न पाडता दिवे पट्टीने आवळावेत. मागे रोखलेला दिवा सडकेवर येताच बंद करावा. मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात.