आंब्याची पेटी आणि बागाईतदाराचा व्यापार

कोकणातील हापूस आंबा झाडावरून उतरल्यावर त्याच्या वाट्यास घाटातील वळणे, हमालांची चढउतार आणि चैत्र-वैशाखाचा उन्हाळा येतो. या प्रवासात दबलेले फळ लगेच वाईट दिसत नाही. चार दिवसांनी, ग्राहकाच्या घरी, ते काळे पडू लागते. पाच डझनांच्या पेटीत पाच फळे नासली तर पेटीचा बारावा हिस्सा गेला, एवढाच हिशेब पुष्कळ बागाईतदार करतात. ते गिऱ्हाईक पुढील हंगामात परत येत नाही, ही हानी मात्र कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

पूर्वापार चालत आलेली लाकडी पेटी मजबूत असते व थप्पी लावण्यास सोयीची असते. परंतु तिच्या खरबरीत फळ्यांनी फळाची साल खरचटते, आणि दरवर्षी नव्या पेट्यांकरिता झाडे तोडावी लागतात. पन्हळी पुठ्ठ्याची पेटी हलकी व आतून गुळगुळीत असते; वापरानंतर तिचा पुन्हा कागद होऊ शकतो. तिला हवा खेळण्याकरिता भोके असावीत. ओलावा हा तिचा शत्रू होय. भिजलेला पुठ्ठा थप्पीचा भार सहन करीत नाही.

पेटी कितीही चांगली असली तरी चिकाने डागाळलेले फळ तिच्यात सुधारत नाही. म्हणून दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने तयार केलेल्या नूतन झेल्याने, देठ राखून, फळे उतरवावीत व सावलीत ठेवावीत.

फळांखाली घालण्यास भाताच्या पेंढ्याहून स्वस्त वस्तू कोकणात नाही. तो घरचा असतो, आणि काम संपल्यावर त्याचे खत होते. थर्मोकोल व एकदा वापरून टाकावयाचे प्लॅस्टिक यांवर राज्यात २०१८ पासून निर्बंध आहेत. शिवाय प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत फळास घाम सुटतो, ही गोष्ट निराळीच.

त्याच वर्षी कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. नोंदणी केलेल्या बागाईतदारास ती खूण व आपले नाव पेटीवर छापता येते. नाव छापले म्हणजे आतील प्रत्येक फळाची जबाबदारी आलीच. वरच्या थरात मोठी व खाली बारीक फळे भरण्याची सवय मग परवडत नाही.

पेंढा मात्र भाताच्या झोडणीच्या वेळीच निवडून कोरड्या जागी राखून ठेवावा. अवकाळी पावसात भिजलेला पेंढा वरून वाळलेला दिसला तरी आत बुरशी धरून असतो.