गाडीवरचा पक्ष

माजी आमदार बच्चू कडूंचं बेलोरा हे गाव चांदूर बाजार तालुक्यातलं. २००४ ते २०१९ अशा सलग चार विधानसभा निवडणुका ते अचलपूर मतदारसंघातून जिंकले, २०२४ मध्ये हरले. अशा मुलखात गाडीवर नेत्याचा फोटो दिसणारच. एरवी तो गुन्हा नाही. मात्र नंबर प्लेटवर क्रमांकाशिवाय काहीच नको. ‘दादा’ वाचता यावं म्हणून आकडे वळवले तर पहिल्यांदा ५०० रुपये दंड, पुन्हा १,५००.

खरी अडचण निवडणुकीच्या आचारसंहितेत येते. खासगी गाडीवर मालकाला स्वखुशीने स्टिकर लावता येतं. पण त्यातून उमेदवाराच्या लेखी परवानगीविना त्याचा प्रचारखर्च होत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ लागतं. दंड १०,००० रुपयांपर्यंत. मालवाहू पिकअप, रिक्षा यांना तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय स्टिकरच चालत नाही. संत्र्याचे कॅरेट वाहणाऱ्या माणसाला हे आधीच सांगायला हवं, कारण त्याची गाडी अडली की त्या दिवसाची मजुरी बुडते.

आणि नेत्याऐवजी कुणी गाडीवर पिस्तुलाचं स्टिकर लावलं तर? १९५९चा शस्त्र कायदा परवाना मागतो तो खऱ्या शस्त्रासाठी, चित्रासाठी नाही. पण ज्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्याने असं स्टिकर लावून ते चोराला का कळवावं?