रिकव्हरी डिस्क चालेना, तेव्हा

लॅपटॉपची रिकव्हरी डिस्क म्हणजे कंपनीने बसवलेली विंडोज, तिच्या ड्रायव्हरसकट, परत टाकण्याचे साधन. पंधरा वर्षांपूर्वी बहुतेक कंपन्या ही प्रत हार्ड डिस्कच्या एका झाकलेल्या भागात ठेवत आणि तिच्यावरून तीन-चार डीव्हीडी ग्राहकानेच राइट करून घ्यायच्या असत. अशा डीव्हीडीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरावर उमटते. विदर्भातल्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या कपाटात तो थर खराब होतो. मग पहिल्या दोन डिस्क नीट वाचल्या जातात, तिसरीला ड्राइव्ह नुसता घरघरतो. मऊ कोरड्या फडक्याने डिस्क मधून कडेकडे पुसावी, गोल फिरवून नव्हे. दुसऱ्या ड्राइव्हवरही एकदा लावून पाहावी. कधी डिस्क चांगली असते, पण हार्ड डिस्क बदलून कमी क्षमतेची बसवलेली असते. तेव्हाही रिकव्हरी बऱ्याचदा अडून बसते.

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावात अशा वेळी लॅपटॉप बुलढाण्याला किंवा मलकापूरला नेऊन ‘विंडोज मारून’ आणण्याची रीत आहे. त्यात सी ड्राइव्ह पुसला जातो, आणि डेस्कटॉपवर ठेवलेले सगळे सी ड्राइव्हमध्येच असते, हे नंतर कळते. म्हणून आधी फाइली वाचवाव्यात. उबुंटू किंवा मिंट ही लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालते. त्यातून हार्ड डिस्क उघडून हवे ते दुसरीकडे उतरवता येते. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर मात्र ४८ आकडी किल्ली लागते; ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली सापडते. हार्ड डिस्कमधूनच कट-कट आवाज येत असेल तर विंडोज टाकण्यात अर्थ नाही, डिस्कच बदलावी.

झाकलेला भाग शाबूत असेल तर डीव्हीडीची गरजच नसते. चालू करताना एचपीत एफ११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ१० दाबावे. लेनोव्होच्या अनेक लॅपटॉपच्या कडेला सिमकार्डच्या पिनेने दाबायचे बारीक बटण असते.

झाकलेला भागही नसला तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज फुकट उतरवून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. फाइल चार-पाच जीबीहून मोठी, त्यामुळे रोजचा दीड-दोन जीबी मोबाइल डेटा पुरत नाही. परवान्याची चिंता सहसा नको. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच किल्ली कोरलेली असते आणि इन्स्टॉलर ती आपोआप वाचतो. त्याआधीच्या लॅपटॉपची किल्ली खालच्या स्टिकरवर. अक्षरे पुसण्याआधी तिचा फोटो काढून ठेवावा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या प्रोसेसरवर ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंट बरे.

विंडोज बसली तरी वाय-फाय दिसत नाही, हा नेहमीचा घोळ. त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर पाहून आधीच पेन ड्राइव्हवर घ्यावा. नाहीतर मोबाइल केबलने जोडून इंटरनेट द्यावे. सेवा केंद्र चालवणाऱ्याला डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हरही लागतो. डीटीपीवाल्यांचे फॉन्ट गेलेले असतात; श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये केलेली लग्नपत्रिका उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर मात्र फाइलमध्ये जागच्या जागी असतो, तो फॉन्ट टाकला की नावे परत वाचता येतात.